पोरांच्या वाटेवरचा वळसा

नकाशांचं कौतुक मला नका सांगू, वडगाव निंबाळकरला माझी काय फजिती झाली ते ऐका.

पोरं शाळेत कुठून कशी येतात, याचा नकाशा करायचं काम माझ्याकडं होतं. पालकांना विचारून दप्तरांत जीपीएसची यंत्रं ठेवली. आठवड्यानं बघतो तर एका वस्तीवरच्या सगळ्या पोरांच्या रेषा चांगला डांबरी रस्ता सोडून ओढ्यातून वळसा घेत होत्या. ओढ्यात घोटाभर चिखल! मला काळजी वाटली. रस्त्यावर कुत्री असतील, नाहीतर उसाच्या ट्रॉल्यांची भीती असेल. पोरांना विचारलं, तर ती नुसती हसायची. शेवटी शाळा सुटायच्या आधी मीच त्या रस्त्यानं चालत निघालो.

रस्ता मोकळा होता. वाटेत एक घर, ओट्यावर निवृत्त झालेले गुरुजी बसलेले. गाव त्यांना तात्या म्हणतं.

"तात्या, पोरं ह्या रस्त्यानं का येत नाहीत?"

"काय की बाबा. मी दिसभर हितंच बसतोय, पर एक पोरगं फिरकत न्हाय. तुमी काय करता?"

"नकाशे करतो. अंतरं मोजतो."

"म्हंजी गणित पक्कं असणार. एकोणीस सत्ते?"

मी हळूच मोबाइल काढला.

"त्यो खिशात ठेवा. तोंडी सांगा."

मी चुकलो. मग त्यांनी समोर बसवून एकोणीसचा पाढा तीनदा म्हणून घेतला.

परत त्यांच्या दारावरून जायची माझी छाती झाली नाही. बूट हातात घेऊन ओढ्यात उतरलो. समोरून पाचवीतली एक पोरगी दप्तर डोक्यावर घेऊन येत होती. मला बघून थांबली आणि म्हणाली,

"सर, तुमालाबी पाढं इचारलं व्हय?"