चौदा कॅरेटचं डोरलं

त्रेसष्ट सालच्या फाल्गुनात दादा, माझे वडील, गेले. आदल्या दिवशी ते नेहमीसारखे मला पुण्याच्या एस.टी.त बसवून द्यायला पौडला आले होते. रांगेत आमच्या पुढे एक जोडपं उभं होतं.

"पोरीचं डोरलं गेल्या पाडव्यालाच घ्या म्हनलं व्हतं मी."

"तवा भाव चढा व्हता."

"आन दसऱ्याला?"

"लई चढा."

"मग चीननं लढाई काढली नि भाव पडला. तवा का न्हाई घेतलं?"

"पडतोय म्हनल्यावर आनखी पडंल, आसं वाटलं."

"लढाई थांबली, पर तुमचं वाटनं थांबलं न्हाई. आन संक्रांतीला सरकारनं सांगितलं, नवा दागिना चौदा कॅरेटचाच."

"म्हंजी तांबं जरा जास्ती, येवढंच."

"चीन आला नि गेला, डोरलं काय आलं न्हाई! आनखी थांबा, लोखंडाचं मिळंल."

"आज घेतोय की. त्यासाठीच पुन्याला निघालोय न्हवं?"

"लगीन परवा हाय! आज न्हाई घेतलं तर पोरीच्या गळ्यात काय बांधायचं, सुतळी?"

गाडी आली.

"लई गर्दी हाय गं. मागनं मोकळी येईल."

"भावाचंबी आसंच म्हनत व्हता! चढा आधी!"

तिनं त्याला आत ढकललं. दादा इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. मला त्यांना एक सांगायचं होतं, पण पुढच्या खेपेला सांगू म्हणून मी नुसता हात हलवला आणि चढले.

दिवसकार्य आटोपून नोकरीवर परत निघाले, तेव्हा रांगेत मी एकटीच होते. गाडी दिसली तशी मोठ्यानं म्हणाले, "दादा, तुम्ही सोडायला आलात की मला फार बरं वाटायचं."