त्रेचाळिसावी ओळ

ती: त्रेचाळिसावी ओळ, सर. तुमच्या सर्व्हर-सेटिंगच्या फाईलमधल्या बाकी सगळ्या ओळी मी सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीला समजतील अशा करून घेतल्या. ही एकच राहिलीय. हिच्यापाशी आला की सर्व्हर अडून बसतो, सुरूच होत नाही.

सर: म्हणजे ग्रंथालयाचं काम आत्ता बंद?

ती: नाही, नाही. जुना चालू आहे. नवी आवृत्ती शेजारच्या मशीनवर बसवून बघतेय.

सर: त्या ओळीत माझा फोन नंबर आहे.

ती: म्हणून तर फोन लावला. ओळखदेख नसताना त्रास देतेय. तुमच्या जागेवर चार वर्षं आहे मी.

सर: सर्व्हर बंद पडला की मला मेसेज यावा, म्हणून टाकली होती. रिटायर झालो त्याच दुपारी. बाहेर निरोपाचा चहा निवत होता आणि मी आत टाईप करत बसलेलो. ती काढू नकोस हां.

ती: सर, तुम्हाला कधी मेसेज आला?

सर: नऊ वर्षांत एकदाही नाही! बांधणीच तशी होती माझी. तरी फोन कायम जवळ. आंघोळीला गेलो तर बाहेर स्टुलावर, आवाज पूर्ण चढवून. लेकीनं दोनदा परदेशी बोलावलं, कायमचे या म्हणाली. म्हटलं, विमानातून धावत कसा येणार मी?

ती: तीनदा बंद पडला होता. माझ्याच काळात.

सर: तीनदा?

ती: ती ओळ फाईलमधल्या साठवणीच्या विभागात पडलीय. सूचनांच्या विभागात हवी होती. जुनी आवृत्ती न कळलेली ओळ सोडून निमूट पुढे जायची. नवी तसं करत नाही, थांबून चूक दाखवते.

सर: मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला होता. चकार शब्द बोलला नाही. मला वाटलं, मान्य आहे.

ती: कुणालाही तसंच वाटलं असतं.

सर: माझी समजूत घालू नकोस. एक मेसेज पाठवून बघायला काय झालं होतं? दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर फाडून खाल्लं असतं मी त्याला.

(तिच्याकडून कीबोर्डची टकटक ऐकू येते.)

सर: टाक काढून.

ती: काढत नाहीये, हलवतेय. नंबर कुणाचा घालू, एवढंच विचारायचं होतं.

सर: तुझा घाल. जागा तुझी आहे.

ती: माझा घातलाय. नव्यात दोन चालतात. इथे दुसरं कुणी नाही, सर. बंद पडला की त्या खोलीत मी एकटी. पंख्यांशी बोलत बसते.

सर: मीही बोलायचो. उजवीकडचा उत्तरं द्यायचा.

ती: अजून देतो. उद्धट आहे.

सर: ...घाल मग. आणि या खेपेला पाठवून बघ.

ती: पाठवलाय. आला?

सर: थांब, चष्मा... आला. ‘सर्व्हर बंद आहे.’

ती: नुसती टेस्ट आहे हां, सर. इथे सगळं चालू आहे. हॅलो? कसला आवाज येतोय?

सर: काही नाही गं. चपला घातल्या होत्या, त्या काढतोय.