घरात हाक ऐकू आली पाहिजे

नाही ओ दादा, ते कंपनीवालं नकोच. तेच काढून टाकायला नाहूरवरून आलोय ना. फॅन सांभाळायचं सॉफ्टवेअर, आणि आधी लॉगिन करा, मग कीबोर्डच्या लायटी बघा, मग कुठल्या गेमवर सूट आहे ते बघा — हे सगळं मागे चालू, त्यानेच लॅपटॉप तापतो, तापला की फॅन सुटतो. मला छोटंसं द्या काहीतरी. उघडायचं, किती डिग्रीला फॅन किती फिरणार ते ठरवायचं, बंद करायचं. तुम्ही म्हणालात ते दुसरं — माझ्या मॉडेलला चालतं ना? चालतं? झकास, मग तेच टाका. सत्तर डिग्रीपर्यंत एकदम हळू ठेवा. नाही नाही, पूर्ण बंद नाही करायचा, मशीन जळेल, कळतं मला. स्पीड थोडा कमी मिळाला तरी चालेल. गेम नाही खेळत आता. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, घरूनच.

हेडफोन? — नको. हेडफोन नाही घालत मी.

आई असते ना घरी. गुडघे गेलेत तिचे. हाक मारली तर ऐकू यायला पाहिजे. दोनच खोल्या आहेत, पण हा फॅन सुटला की मिक्सर लावल्यासारखं होतं यार, आतलं काही कळत नाही. बाबांचं तसंच झालं. धाकू परब — मिल बंद पडल्यावर तीस वर्षं लिफ्टमन होते घाटकोपरला. आवाज असा की गॅलरीतून ओरडले तर नाक्यावरची रिक्षा थांबायची. मग लकवा मारला आणि आवाजच गेला — कुजबुजल्यासारखं बोलायचे. 'सुयोगा, वायच पाणी दी रे.' गेल्या मार्चमधली गोष्ट. आई मावशीकडे गेलेली, जोगेश्वरीला. दुपारचे तीन वाजले असतील, मी गेममध्ये, फॅन फुल. बाबा पाण्यासाठी स्वतःच उठायला गेले आणि पडले. आई पाचला आली, बेल वाजवली, तीही मला ऐकू आली नाही — किल्लीने दार उघडून ती सरळ आत गेली. फरशीवर होते. डोक्याला लागलेलं. चौथ्या दिवशी हॉस्पिटलातच वारले.

फॅनमुळे. हो ना — म्हणजे हेडफोनपण होते, फॅनचा आवाज नको म्हणून तर घालायचो... खरं सांगू? पहिली हाक ऐकली होती मी. हेडफोन तेव्हा गळ्यातच होते, मॅच सुरू व्हायची होती. मी म्हटलं, 'हो, आलो.' आणि कानावर चढवले. दुसऱ्यांदा मारली असेल का हाक? मला नाही वाटत. पोरगा आलो म्हणाला म्हणजे येणार — असा माणूस तो. वाट बघितली असेल. बराच वेळ बघितली असेल.

आई मला एक शब्द बोलली नाही. डॉक्टरला म्हणाली, सुयोग खाली औषध आणायला गेलेला. नातेवाइकांनाही तेच. मी बाजूलाच उभा होतो. बाराव्याला लोक पाठीवर हात ठेवून जात होते, 'तू तरी काय करणार रे' म्हणून. आणि आई तिकडे पानं वाढत होती, माझ्याकडे न बघता.

आता ती हाकच मारत नाही. चहा झालेला असो, वरचा डबा काढून हवा असो — भिंत धरून धरून येते आणि माझ्या दारात उभी राहते, मी मान वर करेपर्यंत. किती वेळ उभी असते कोणास ठाऊक. परवा म्हटलं, 'आई, हाक मार ना गं, मी ऐकतो.' तर म्हणाली, 'असू दे. तुझं काम चाललेलं असतं.'

काय? — नाही, मी ठीक आहे. तुम्ही ते टाकून ठेवा. आधी या मॅडमचं बघा, घाईत दिसतायत. मी बाहेर आहे.