वसुधाची इटालियन गाडी आणि माझी काळजी

मंडळी, तुम्ही सगळे वसुधासाठी आलात. कुणी केंब्रिजहून, कुणी लंडनहून, शेजारचे तर सकाळपासून इथं खुर्च्या लावतायत. अशा वेळी काय बोलायचं ते मला कळत नाही. कार्यक्रमात बोलायची ती वसुधा, आणि मी मागं बसून तिची पर्स सांभाळायचो. आमची सई म्हणाली, बाबा, नाही जमलं तर मी पुढं वाचीन. पण मी काही लिहूनच आणलेलं नाही. तेव्हा जमवायलाच हवं.

तुमच्यातले बरेच जण तिला हॉस्पिटलातून ओळखतात. भूलतज्ज्ञ डॉक्टर. माणसाला झोपवायचं आणि सुखरूप जागं करायचं, हे तिचं काम. दिवसभर दुसऱ्यांची काळजी करून ती घरी यायची तेव्हा तिच्यापाशी काळजी उरलेली नसायची. घरची काळजी माझ्याकडे. गॅस बंद केला का, मागचं दार लावलं का, सईची एडिनबराची ट्रेन पोचली का. हे माझं खातं.

ती रिटायर झाली तेव्हा मला वाटलं, आता बाग करील. ती मैत्रिणीबरोबर वेल्सला गेली आणि तिथल्या एका शेतकऱ्याच्या शेडमधली गाडी ट्रेलरवर घालून घेऊन आली. साठेक वर्षांपूर्वीची इटालियन गाडी. केवढी? आपल्या डायनिंग टेबलाला चाकं लावली तर होईल तेवढी. इंजिन मागं, डिकी पुढं. सीटमध्ये उंदरांचं घरटं. तळाचा पत्रा इतका गंजलेला, की आत बसलं की खाली ड्राइव्हवेच्या विटा दिसायच्या.

मी विचारलं, ही कशाला? म्हणाली, "आयुष्यभर माणसं बंद केली आणि चालू केली. उघडून बघायचं काम नेहमी सर्जनचं. आता मी उघडून बघणार."

आणि तिनं उघडली. आमच्या गॅरेजमध्ये त्या गाडीचा एकेक भाग सुटा झाला. इंजिन एका टेबलावर, दारं भिंतीशी, बाकीचं डब्यांत, जुन्या बेडशीटवर. गंजलेला पत्रा कापून नवा लावायचा म्हणून ती कॉलेजात वेल्डिंग शिकायला गेली. वर्गात सगळी विशीतली मुलं, आणि त्यांत आमच्या बाई, मास्क लावून.

मंडळी, मला झोप नव्हती. गाडी जॅकवर, आणि ही गाडीखाली. जॅक सरकला तर? ठिणगी पेट्रोलवर उडाली तर? मी फायर एक्स्टिंग्विशर आणला आणि खुर्ची टाकून गॅरेजमध्येच बसायला लागलो. हातात पेपर असायचा. वाचत नव्हतो. गाडीखालून येणारा आवाज ऐकत होतो. आवाज थांबला की हाक मारायचो, वसुधा? खालून उत्तर यायचं, "आहे."

मग तिला जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लागेल, पण आत्ता नाही, लक्ष ठेवू. मी घरी येऊन म्हटलं, आता गॅरेज बंद. ती रागावली नाही. समोर बसली आणि म्हणाली, "अरविंद, तुला नेमकी कशाकशाची भीती वाटते ते सांग. एकेक करून सांग." ऑपरेशनआधी पेशंटला विचारायची, तसंच. मी सांगत गेलो. जड उचलणं, वेल्डिंगचा धूर, एकटीनं गाडीखाली जाणं. उचलायचं काम माझ्याकडे आलं. वेल्डिंग दार उघडं ठेवून. मी घरी नसेन तर गाडीखाली जायचं नाही. एवढं तिनं मान्य केलं. गॅरेज मात्र चालू राहिलं.

गाडी परत जोडून उभी राहिली तेव्हा पहिल्या फेरीला मी शेजारी बसलो. आमच्या घरामागच्या उताराच्या गल्लीत तिनं ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला टेकलं. पुढं मोठा रस्ता. ती ओरडली नाही. गिअर खाली टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला, आणि गाडी एका कुंपणाला घासून उभी राहिली. मी डॅशबोर्ड सोडेना. ती म्हणाली, "श्वास घे आधी."

दुसऱ्या दिवशी तिनं ब्रेकचं सगळं काम परत सुटं केलं. एक जुनी रबरी नळी आतून फुटली होती. ती बदलली, बाकीच्याही बदलल्या. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी स्क्रू सैल करायचा. पेडलवर मी होतो. पायाखालचं पेडल घट्ट होत गेलं, ते मला कळलं. त्या गाडीबद्दल पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं. एवढ्या जुन्या गाडीला एमओटीची वार्षिक टेस्ट सक्तीची नाही. तरी ती टेस्टला घेऊन गेली. म्हणाली, "माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी." गाडी पास झाली. त्या उन्हाळ्यात आम्ही थेम्सच्या काठाकाठानं खूप हिंडलो. मग तिची धाप वाढली, आणि डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन करायला हवं.

तुमच्यापैकी काहींनी मला हळूच विचारलं, या कामाचा ताण तर नाही ना पडला? मी सर्जनना तेच विचारलं. ते नाही म्हणाले. झडप आधीपासूनच तशी होती. सई रोज मला तेच समजावते. मला पटतं, आणि सकाळी उठलो की मी परत तेच विचारतो.

एक गोष्ट सांगतो आणि बसतो. ऑपरेशनच्या दिवशी तिला आत न्यायच्या आधी आम्ही दोघंच होतो. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मला भीती वाटतेय." एवढ्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. धीर द्यायला मला कधी आलंच नाही. तीच म्हणाली, "गाडीनं सईकडे एडिनबराला जायचं ना? त्यात तुला कशाकशाची काळजी आहे, सांग."

मग मी सांगायला लागलो. मोटरवेवर लॉऱ्या मागून येतील, त्यांना आपण दिसायचो नाही. चढावर इंजिन तापेल. वायपर नीट पुसत नाहीत. वाटेत बंद पडलो तर पार्ट कुठं मिळणार? सईसाठी न्यायचे डबे कुठं ठेवायचे, डिकीत तर स्टेपनीच बसते. मी सांगत होतो आणि ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच हसली. म्हणाली, "अजून सांग." न्यायला आले तोपर्यंत मी सांगत होतो.

ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली, सईशी दोन शब्द बोलली. पण हृदयानं साथ दिली नाही, आणि दोनच दिवसांत ती गेली.

मंडळी, आयुष्यभर सगळे मला म्हणत आले, इतकी काळजी करू नकोस. तिनं तसं म्हटलं नाही. जाताना तिनं माझ्याकडून तीच मागून घेतली.

आता आपण सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणीच काही बोलू नये. निघणाऱ्याला आपण जा म्हणत नाही. वसुधा, ये आता.