सूर्यफुलांची भिंत

—नाही नाही, मॅडम, शिट्टीचं नंतर. आधी भिंत. कंपनीच्या प्रशिक्षण विभागातून आलात ना तुम्ही, बांधकाम खात्यातल्या जुन्या माणसांचे अनुभव गोळा करायला? मग करा की गोळा! त्या खुर्चीचा पाय हलतो, ही घ्या. तर भिंत — उड्डाणपुलाच्या चढाची, ती काय खिडकीतून दिसतेय, जिच्यावर तुमच्या कंपनीनं सूर्यफुलं रंगवलीत. देखणी! मंत्र्यांनीसुद्धा समोर उभं राहून फोटो काढून घेतला. पण भिंतीमागे काय आहे? माती. मातीत काय मुरतं? पाणी. ते बाहेर पडावं म्हणून खात्यानं भिंतीला भोकं ठेवली होती, रांगेनं. त्यातून काळे ओघळ यायचे. ओघळ म्हणजे घाण, असं तुमच्या लोकांना वाटलं — गिलावा केला, भोकं बुजवली, वर फुलं काढली. आता पाणी कुठे जाणार? फुलांना?

हसू नका. म्हणजे हसा, पण लिहून घ्या. पहिल्या कंपनीनंही हेच केलं होतं, पलीकडच्या चढावर. भिंतीला पोट सुटलं — माझ्यासारखं, हो, बघितलंत तुम्ही, कळलं मला. पळापळ झाली, भोकं पुन्हा पाडली, सगळे शहाणे झाले. मग? मग करार संपला. शहाणपण बॅगेत भरून माणसं गेली — एक परदेशी, एक दुसऱ्या कंपनीत, एकानं म्हणे कोंबड्या पाळल्या. दुसरी कंपनी आली, तिला काय ठाऊक? आता तुम्ही तिसरे. दर वेळी कोरी पाटी, आणि पाटी पुसायचं टेंडर वेगळं! आमचं खातं म्हणतं, कामं आता खाजगी, आपण फक्त देखरेख. म्हणजे मी. या टेबलामागून.

शिट्टी, शिट्टी! बरं, ऐका. पहिल्या कंपनीचा एक साहेब असाच अनुभव गोळा करायला आला होता. दुपारभर मी त्याला भोकांचं सांगितलं. तो जांभया देत बसला. शेवटी म्हटलं, साहेब, खरी गंमत सांगू? काँक्रीट ओतायच्या आधी आमचा जुना मिस्त्री लांब शिट्टी मारायचा — आतली हवा दचकून बुडबुड्यांसकट बाहेर! चौथ्या मजल्याचा एक स्लॅब तर इतका गुळगुळीत बसला की त्यावरून रोडरोलर घसरला. चौथ्या मजल्यावर रोडरोलर कुठून आला? अहो, तीच तर कमाल! साहेबाची जांभई अर्ध्यात थांबली. आणि त्यानं तेवढंच नेलं — रोडरोलर गाळून. पुढच्या कंपनीच्या हाती भोकं लागलीच नाहीत, शिट्टी लागली. तुमच्याकडे तर ओतकामाला शिट्टी मारायला माणूस नेमलाय! तुमच्याही गळ्यात आहे की, ओळखपत्राच्या दोरीला. एवढी नोकरी झाली माझी, मॅडम — टिकली ती एकच गोष्ट, आणि ती थाप.

वरती सांगितलं नाही का? सांगितलं ना. आमचे साहेब म्हणाले, ‘आज रोडरोलर नाही वाटतं?’ घरीही तेच. पोरीला म्हटलं, त्या भिंतीखालच्या थांब्यावर उभी राहू नकोस, पुढच्या थांब्यावर जा. तर म्हणते, ‘बाबा, भिंत काय कानात सांगून गेली का तुम्हाला?’ आणि तिची आई तोंडाला पदर लावून हसतेय. कॉलेजहून येताना उतरते तिथेच, जाताना उभी तिथेच — एका सूर्यफुलाला पाठ टेकून, कानात गाणी. आज सकाळी तिची बस गेल्यावर मी तिच्या जागी जाऊन उभा राहिलो. टेकून. का? उगाच. — शर्ट भिजला, मॅडम. घाम असेल? असेल. पण घामाला मातीचा वास येतो का? हा बघा डाग, अजून वाळला नाही. आणि भिंतीला दोरी धरून बघितली, तर मधे पोट. कालपर्यंत नव्हतं हो एवढं. हे मी कुणाला सांगू? सांगायला तोंड उघडलं की लोक आधीच हसायला लागतात. म्हणून तुम्ही आलात तेव्हा म्हटलं, नवीन माणूस आहे, निदान —

काय? … शिट्टी किती वेळ मारायची?

लांब. एकदाच. छाती भरून. लिहा.

चहा आला की घ्या आणि जाताना दार ओढून घ्या, मी निघालो. हे? ड्रिल मशीन. सकाळपासून दाराआड ठेवलंय, हात होत नव्हता. परवानगी कुणाची असणार? भोकं सूर्यफुलांच्या बरोबर मधोमध पडतील, तुमची कंपनी बोंब मारेल, खातं मला घरी बसवेल — बसवू दे. कुणी विचारलं तर सांगा, आम्हाला वाटलं थापा मारतोय. तुम्ही उठू नका. नाही, तिकडे तर मुळीच येऊ नका. फक्त ती शिट्टी काढा गळ्यातली. कॉलेज सुटायची वेळ झाली, थांब्यावर गर्दी होईल — लोकांना बाजूला करायला लागेल मला.

द्या म्हणतो ना!