तिसऱ्या कडव्याचा ठेका

पंडित : वायरी नीट गुंडाळ, सुगत. आन् उद्या सोनपेठच्या कार्यक्रमात मला धरू नका.

(ताडकळसच्या विहारामागची खोली. गायन पार्टीचा कार्यक्रम नुकताच संपलाय. ढोलकीवाला पंडित, पार्टीत गाणारी त्याची बायको नर्मदाबाई आणि गिटार वाजवणारा पुतण्या सुगत.)

सुगत : असं काय करता काका? लकव्यानं डावा हात गेला तरी तुमची ढोलकी पुरी वाजली ना आज!

पंडित : वाजली की. आधी उजव्या हातानं शाईची, बारीक आवाजाची बाजू वाजवली, ती तुझ्या लूपर मशीननं टेप करून फिरत ठेवली. मंग ढोलकी फिरवून त्याच हातानं धुमाची, घुमणारी बाजू. दोन्ही मिळून हुबेहूब माझा ठेका. लय बरं वाटलं रे. वाटलं, हात परत आला.

सुगत : मग?

पंडित : मंग तुझ्या काकीकडं बघितलं.

नर्मदाबाई : जाऊ द्या आता.

सुगत : काकी, रमाईच्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला तुम्ही थांबल्या ना, मला वाटलं शब्द विसरल्या. म्हणून मी ठेका चालूच ठेवला.

पंडित : ती विसरंल? तिनंच बांधलेलं गाणं हाय ते. रमाईचं लेकरू जातंय त्या कडव्यात. आमची लेक अर्पिता गेली तवापासून तिथं हिचा आवाज बसतो. मी ठेका हळू करतो, ही दम घेती, मंग दोघं संगंच उठतो. इतकी वर्षं असंच चाललंय.

सुगत : मला कुणी सांगितलं नाही कधी.

पंडित : सांगायची गोष्ट हाय का ती?

नर्मदाबाई : मी गप झाले आन् ढोलकी आपली धडाधडा चालूच. लोकं तिच्यावर टाळ्या वाजवू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं बाबा.

पंडित : ढोलकी माझीच. मी तिथंच बसून ऐकायलो, आन् मलाच ती थांबवता यीना.

सुगत : चुकलं माझं, काकी. उद्या ते कडवं आलं की पायानं बटन दाबून मशीन बंदच करतो.

पंडित : आन् मी एका हातानं काय वाजवू? अर्धाच ठेका यील.

नर्मदाबाई : यू द्या. त्या कडव्यात माझा तरी कुठं पुरा आवाज निघतो.