साबणाच्या रॅकमागचा दवाखाना

आपल्या ग्राहक भांडाराचे सन्माननीय अध्यक्ष विजयसिंहदादा, व्यासपीठावरचे संचालक, जिच्यासाठी जमलो ती डॉक्टर संघप्रिया, आणि खरेदी अर्धी टाकून आलेल्या मंगळवार पेठेतल्या माझ्या भगिनींनो, बंधूंनो,

शाळेत कविता म्हणायला उठायचो, तसाच आज उभा राहिलोय. साबणाच्या रॅकमागच्या आपल्या दवाखान्याची ही डॉक्टर सोमवारी जयसिंगपूरला सरकारी नोकरीत रुजू होतेय ना!

आमच्या लहानपणी दवाखाना म्हणजे गुलाबी औषधाची बाटली आणि तिच्यावर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी. मला ती पतंगाच्या शेपटीसारखी वाटायची. आणि आता? चहापूड घ्यायला यावं, ब्लडप्रेशर मोजून जावं!

त्या बघा, हुपरीच्या शालूबाई. आपल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी रांगेत पिशवी ठेवली आणि गेल्या गप्पा मारायला. रांग बिलाची नव्हती, दवाखान्याची होती! नंबर आला तशी डॉक्टरनं पिशवीची मालकीण हुडकली.

"मला काय झालंय? साखर न्यायला आलोय की मी!"

"आलाय तर हात द्या की, मावशी."

प्रेशर असं चढलेलं, की डॉक्टरनं स्वतः रिक्षात घालून मोठ्या रुग्णालयात नेलं. शालूबाई, वाजवा टाळ्या, पण बेतानं!

आपल्या बायका दुखणं अंगावर काढतात, पण किराण्याला येतातच. आरोग्याचं धोरण ठरवणाऱ्यांनी एकदा आपल्या रांगेत उभं राहावं. ही खोली रुग्णालयाची जागा घेणार नाही; तिथं वेळेत पोहोचवील.

आणि दुकानातला दवाखाना दुकानाचा होऊ नये, हेही हिनंच पाहिलं. दादा म्हणाले, "डॉक्टर, आपल्याकडची ताकदीची पावडर लिवून द्या की." ही म्हणाली, "मग मलाबी रॅकवरच ठेवा, दादा."

हसू नका दादा, पुढचं तुमच्यावरच आहे. ही गेली, की दवाखाना बंद आणि त्या खोलीत म्हणे आइस्क्रीमचा फ्रीज येणार. खरं काय? हा माइक घ्या, सगळ्यांदेखत सांगा.

काय म्हणालात? "फ्रीज दारात ठिवतो, आबा. खोलीत सोमवारपासनं नवे डॉक्टर संग्राम येत्यात."

अहो, मग मला एवढं बोलू का दिलंत!

संघप्रिया, पोरी, आता निर्धास्त जा. तिकडच्या लोकांनाही अशीच हाक मारून आत घे.

सर्वांचे मनापासून आभार. उत्साहाच्या भरात माझं कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. दादांचा शब्द मात्र ध्यानात ठेवा.